गिन्नी, चोवीस कॅरेटचं नाणं अन् तालुक्याचा सराफ: जरा लांबलचक रिव्ह्यू

पहिलेच सांगून देतो, हा नव्या नाण्याचा रिव्ह्यू नाही. नव्याचं काय, दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली पितळही चमकते. आमच्या घरी तीन प्रकारची सोन्याची नाणी वर्षानुवर्षं पडून आहेत, एक आजीची गिन्नी म्हणजे इंग्रजांच्या काळातलं सॉव्हरिन, एक चोवीस कॅरेटचं कार्डात सीलबंद असलेलं, अन् एक बावीस कॅरेटचं लक्ष्मीछाप जे बाबांनी एका वर्षी कापसाच्या पैशात घेतलं होतं, आणि आता तिघांचे रंग तीन तऱ्हेचे झालेले आहेत. यंदा भाचीचं लग्न निघालं, मामा म्हटलं की काहीतरी सोन्याचं आलंच, म्हणून कपाटातला डबा काढला तर घरात नुसती बोंबाबोंब, सोनं काळं पडलं, कोणी बदलून तर नाही टाकलं, तेव्हाच्या सोनाराने फसवलं वाटते, वगैरे वगैरे. मग ती नाणी घेऊन दुकानं फिरलो. त्यामुळे हा रिव्ह्यू नाण्यांचाही आहे अन् ज्या सराफाने ती नीट तपासून दिली त्याचाही.

ज्याला पुढचं वाचायचा कंटाळा असेल त्याच्यासाठी मार्क आत्ताच देतो. गिन्नी पाचपैकी पाच, डागासकट. कार्डवालं नाणं साडेतीन. लक्ष्मीछाप अडीच, तेही सोनं खरं निघालं म्हणून. सराफ साडेचार.

गिन्नीपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त बोंब तिचीच झाली. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगर मारून राहिलेला माणूस, खाली १९१८. सनाच्या वर जी जमिनीची पट्टी आहे, घोड्याच्या पायाखाली, तिथं भिंगाने पाहिलं तर एक बारीक इंग्रजी आय दिसते. म्हणजे ही लंडनची नाही, मुंबईच्या टांकसाळीची. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा मुंबईला गिन्न्या पाडल्या त्या फक्त १९१८ मध्ये, साधारण १३ लाख. आजी शेवटपर्यंत विलायतेची विलायतेची म्हणत राहिली, आता तिला कोण सांगणार.

रंग कसा झाला ते नीट लिहितो, कारण मोबाइलच्या फोटोत हे येतच नाही, फोटोत सगळं एकतर पिवळं नाहीतर काळं. राजाच्या गालावर अन् दाढीवर, म्हणजे जो उंच भाग आहे तिथं, अजूनही पिवळी धमक, कारण लुगड्याला घासून घासून तेवढं साफच राहिलं. मानेखालच्या खोलगट जागेत नारिंगी. अक्षरांच्या कडेकडेने, जिथं बोट पोचत नाही, तिथं तांबूस तपकिरी. अन् वर जिथं पोतीत ओवण्यासाठी कडी झाळलेली (म्हणजे धातू वितळवून जोडलेली) आहे, तिथं कडीच्या बुडाशी काळं, त्याच्या बाहेर निळसर, मग जांभळं, मग लालसर अन् मग हळूहळू पिवळं, असा अर्धगोल पट्टा. पावसाच्या डबक्यात ट्रॅक्टरचं डिझेल सांडलं की जे रंग दिसतात, अगदी तेच. आणि कारणही तेच आहे. रंग काही डिझेलमध्ये नसतो, पातळ थरावरून उजेड परततो तेव्हा थर किती जाड त्यावर रंग ठरते, थर वाढत गेला की पिवळा, लाल, जांभळा, निळा असं होत होत शेवटी काळा.

आता म्हणाल सोन्यावर थर कुठून आला, सोनं तर काळं पडत नाही. बरोबर आहे, सोनं नाहीच पडत. हवेने, पाण्याने, घामाने सोन्याला ढिम्म फरक पडत नाही. पण गिन्नी काही नुसतं सोनं नाही, ती बावीस कॅरेट, म्हणजे हजारात ९१६.७ सोनं अन् बाकी जवळपास सगळं तांबं, कारण शुद्ध सोनं इतकं मऊ असते की खिशात नाण्यावर नाणं घासलं तरी झिजून जाईल. हे जे बाराव्या हिश्श्याचं तांबं आहे, त्यातलं जे वरच्या कातडीवर उघडं आहे त्याला हवा लागते, गंधक लागते, घामातलं मीठ लागते, अन् तेच रंगते. खालचं सोनं जसंच्या तसं. थर इतका पातळ की वजनात तुम्हाला काट्यावर काही दिसणारच नाही. कडीजवळ जास्त का, तर झाळायला जो धातू वापरतात तो मुद्दाम लवकर वितळणारा, म्हणजे त्यात सोनं कमी अन् चांदी-तांबं जास्त, मग तिथंच पहिले काळं पडणार. आमच्याकडच्या जुन्या पोती काढून पाहा, मणी पिवळे अन् सांधे काळे, हेच दिसेल.

हे सगळं मला आधीपासून थोडंफार माहीत होतं, बीएस्सीला केमिस्ट्री होती म्हणून, पण खरी गंमत शोरूममध्ये झाली. नाव लिहीत नाही, मोठ्या शहरातलं एसीवालं, दरवाजा उघडायला माणूस, बसल्या बसल्या पाण्याची बाटली. काउंटरवरच्या पोराने गिन्नी हातात घेतली, अंगठ्याने घासली (गिन्नी कडेने धरावी एवढंही कोणी शिकवलं नसावं), अन् म्हणे, "सर, हे लालसर आहे, म्हणजे कॅरेट कमी. अन् हे काळं पडलं म्हणजे यात मिक्स आहे. आम्ही वीस कॅरेट धरू, वरून घट लागेल." मी म्हटलं, कॅरेट मोजायच्या मशीनवर लावा ना. म्हणे मशीन आज बंद आहे. मी म्हटलं, मग बंद मशीनवर वीस कॅरेट निघाले कसे? तर तो आत मॅनेजरला विचारायला गेला अन् मी बाहेर निघालो.

लालसर म्हणजे कॅरेट कमी, हे जे आहे ना, हे डोक्यातून काढून टाका. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड म्हणून नाणं आहे, १९६७ पासून पाडतात, बावीस कॅरेट, बाकी सगळं तांबं, ते कोरं असतानाच लालसर दिसते. अमेरिकेचं ईगल १९८६ पासूनचं, तेही बावीस कॅरेटच, पण त्यात ३ टक्के चांदी अन् ५.३३ टक्के तांबं, म्हणून ते बरंच पिवळं. कॅरेट एक, रंग दोन. इंग्लंडच्या ब्रिटानियाने तर स्वतःच रंग बदलला, १९८७ला सुरू झालं तेव्हा सोन्यात तांबं, १९९०पासून चांदी आली अन् २०१३पासून थेट चोवीस कॅरेटच झालं. तर रंग पाहून भेसळ कशाची ते फार तर सांगता येईल, किती ते नाही. शोरूमवाल्या पोराला दोष देत नाही, त्याला जे पाठ करायला दिलं ते तो बोलला, पण हीच ओळ ऐकून किती लोक गुमान घट देऊन येत असतील.

मग तालुक्याला आलो. आमचं गाव दर्यापूरकडचं, सराफ लाइनीतलं जुनं छोटं दुकान, नाव टाकत नाही कारण त्यांना ते आवडणार नाही, समोर गादी, मागे लोखंडी तिजोरी, म्हातारे काकाजी गादीवर अन् त्यांचा मुलगा आतल्या खोलीत कॅरेट मीटरवर. लाइट नव्हती. मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही म्हणे, बसा. बसलो. तेवढ्या वेळात काकाजींनी गिन्नी भिंगाखाली घेतली, कडेने धरून, अन् खिडकीच्या उजेडाला तिरपी करून करून पाहिली.

"भाऊ, हे कोणाची?"

"आजीची, काकाजी."

"घासली नाही ना कोणं? नाही घासली. बरं केलं. हे काळं नोय, हे वय हाय तिचं. काहून घाबरून रायले तुम्ही?"

म्हटलं, शोरूमवाले वीस कॅरेट म्हणतात. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, अन् सोनं घासून कस पाहायचा कसोटीचा दगड काढला. पण गिन्नीचा कस नाही लावला. म्हणे तोंडावर कशाला ओरखडा पाडायचा, कस लावलाच तर कडीला लावू. कडीचा कस वेगळा अन् नाण्याचा वेगळा हे मला त्यांनीच सांगितलं. लाइट आल्यावर मुलाने मशीनवर लावली. मशीनमध्ये एक्स-रे मारतात, धातू त्याच्या बदल्यात स्वतःचे एक्स-रे परत फेकते, त्यावरून कोणता धातू किती ते आकडे येतात, नाण्याला काही होत नाही. पण एक लक्षात ठेवा, मशीन फक्त वरवरचा थर वाचते, म्हणून कुठं नेम धरला त्यावर आकडा बदलते. कडीच्या बुडाशी लावलं तर सोनं ८४च्या आसपास आलं, पुढच्या बाजूच्या कोऱ्या सपाट जागेवर लावलं तर ९१.६, मागच्या बाजूला घोड्याच्या वर ९१.७. म्हणजे शोरूमवाल्याने मशीन चालू करून फक्त कडीवर नेम धरला असता तर त्याचं वीस कॅरेट खरंही ठरलं असतं! म्हणून कुठंही गेलात तर म्हणा, तीन जागी लावा, अन् स्क्रीन आमच्याकडे फिरवा. इथं स्क्रीन गिऱ्हाइकाकडेच असते, याचे मार्क वेगळे द्यायला पाहिजे.

घरी स्वतः करून पाहायची एक तपासणी सांगतो, मशीनही नको अन् सराफही नको. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन मिळते. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, अन् नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला-काठाला लागणार नाही असं लटकवा. काट्यावर जो आकडा येते त्याने पहिल्या वजनाला भागा. बावीस कॅरेटला साधारण १७.७ यायला पाहिजे, चोवीसला १९.३. आमची गिन्नी कडीसकट ८.३१ ग्रॅम, पाण्यात ०.४७ आलं, करा भागाकार. नुसती गिन्नी, बिनकडीची, ७.९८ ग्रॅम असते, तिला ०.४५ यायला पाहिजे. तीच जर तेवढ्याच वजनाची पण पितळेवर मुलामा दिलेली असती तर पाण्यातला आकडा जवळपास दुप्पट आला असता. पाणी आरओचं घ्या, नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर झटकून काढा. टंगस्टन म्हणून एक धातू सोन्याएवढाच जड असते, तो आत भरला तर ही तपासणी फसू शकते, पण ते मोठ्या बिस्किटात होते, आजीच्या गिन्नीत कोणी टंगस्टन भरायला बसलं नव्हतं.

डाग वजनात दिसत नाही, कॅरेटात दिसत नाही, मग घट कशाची? हे मी काकाजींना सरळ विचारलं. ते म्हणे घट झाळीची, कडीत सोनं कमी आहे तेवढी, डागाची नाही. एवढं सरळ उत्तर मला कुठल्याच काउंटरवर मिळालं नव्हतं. अन् हेही सरळ सांगितलं की १९१८ आहे म्हणून हुरळून जाऊ नका, १३ लाख पाडलेल्या होत्या, त्यात तुमच्या गिन्नीला कडी झाळलेली, जमवणारे लोक कडी लागलेलं नाणं घेत नाहीत, मिळेल तो सोन्याचाच भाव मिळेल. म्हणून मोडली नाही, ठेवली परत.

आता कार्डवालं. चोवीस कॅरेट, दहा ग्रॅम, ९९९, जाड प्लास्टिकच्या कार्डात सील, मागे नंबर. आतमध्ये एकदम आरसा. अन् त्या आरशावर, कडेपासून थोडं आत, एखाद मिलिमीटरचा लाल-विटकरी ठिपका, भोवती फिकट नारिंगी कडं. सील तुटलेलं नाही, कोणी हात लावलेला नाही, तरी ठिपका. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकवून मग एक मॅडम बोलल्या की सर हे नॅचरल आहे, यावर बदलून मिळत नाही. चिडचिड झाली, पण खरं सांगायचं तर मॅडम चूक नव्हत्या. ९९९ म्हणजे हजारातला एक भाग दुसरं काहीतरी आहेच, दहा ग्रॅममध्ये दहा मिलिग्रॅम. अन् टांकसाळीत पट्ट्या लाटायच्या अन् ठसा मारायच्या मशीनवर दुसऱ्या धातूची धूळ राहिली अन् तांब्याचा किंवा चांदीचा एखादा कण दाबताना सोन्यात रुतून बसला, की तेव्हा काही दिसत नाही, पुढं काही वर्षांनी तो कण हवा-गंधक खाऊन पसरते अन् ठिपका वर येते. कॅनडाचं मेपल लीफ १९७९ला ९९९चं निघालं, १९८२पासून ९९९.९चं केलं, जगात त्याचं शुद्धतेसाठी नाव, त्याच्यावरही असे लाल ठिपके निघतात. तर ठिपका दिसला म्हणजे नाणं खोटं, असं काही नाही, खोट्या मुलाम्यावर असा एकटा नीट गोल ठिपका येणं उलट कठीण. मुलामा उडते तेव्हा कडेने अन् उंच भागावरून उडते, अन् खालून पांढरं नाहीतर पितळी दिसते.

मग साडेतीनच मार्क कशाला, तर दोन कारणांसाठी. एक, ज्या चकचकीत फिनिशचे जास्तीचे पैसे घेतले ते फिनिशच टिकलं नाही. दुसरं, कार्ड फोडलं तर परत देताना कटकट, न फोडलं तर साफ करता येत नाही, म्हणजे डाग आहे तिथं आहे, पाहत राहा. अन् बँकेतून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा की बँक नाणं विकते पण परत विकत घेत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. शेजाऱ्यांकडे सरकारचं इंडियन गोल्ड कॉइन आहे, ५ नोव्हेंबर २०१५ला निघालेलं, एका बाजूला अशोकचक्र अन् दुसऱ्या बाजूला गांधीजी, त्यावर आत्तापर्यंत तरी काही नाही, पण ते घरात नाही लॉकरमध्ये असते, म्हणून सरळ तुलना करत नाही.

लक्ष्मीछापवर येतो. यावर ९१६ असा नुसता ठप्पा, बीआयएसचा (हॉलमार्क देणारी सरकारी संस्था) त्रिकोण नाही की नंबर नाही, तेव्हा तसंच चालायचं. (दागिना घ्यायचा तर आता सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा हॉलमार्क नंबर, पाहूनच घ्या, १ एप्रिल २०२३पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही, बीआयएस केअर ॲपवर नंबर टाकला की लगेच दिसते.) ह्या नाण्यावर लक्ष्मीच्या बरोबर कमरेवरून आडवा काळा पट्टा, दोन्ही बाजूंनी, पट्टीने ओढल्यासारखा सरळ. घरात याच्यावर फार चर्चा झाली, बायकोच्या मावशीने तर यात काहीतरी करणी आहे इथपर्यंत नेलं. करणी रबराची होती. दुकानदाराने प्लास्टिकच्या पुडीला रबर गुंडाळून दिलं होतं, बाबांनी तसंच ठेवलं, रबर विरघळून नाण्याला चिकटलं. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात, अन् तांब्या-चांदीचा गंधकाएवढा वैरी दुसरा नाही.

गंधकाचं निघालं तर आमच्यासारख्या शेतकरी घरात ते जितकं आहे तितकं शहरात नसेल. नाण्याचं कपाट ज्या खोलीत, त्याच खोलीत फवारणीच्या सल्फर ऐंशीचं, म्हणजे गंधकाचंच, पोतं. देवघराला लागून स्वयंपाकघर अन् तिथं गोबर गॅसची शेगडी, गॅसला जो सडक्या अंड्यासारखा वास येते ना, ते हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे परत गंधकच. वरून आमचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही, बोअरचं पाणी तोंडात घालवत नाही. लक्ष्मीपूजनाला नाणी ताटात, दूध-पंचामृत, मग त्याच खाऱ्या पाण्याने विसळायची, पदराला पुसायची अन् ओलसर असतानाच डब्यात, वर्षभरासाठी. मीठ सुकून नाण्यावरच राहते अन् तांब्याला गंजायला मदत करते. आमच्या गिन्नीच्या अक्षरांत जे पांढरट साचलेलं होतं ते सोन्याचं काही नव्हतंच, आमच्याच बोअरचा खार होता, आरओच्या कोमट पाण्यात भिजवल्यावर बराच निघाला.

सफाईबद्दल. आमच्या वहिनीने लक्ष्मीछाप टूथपेस्ट अन् ब्रशने घासलं, पट्टा अर्धा गेला, पण उजेडात धरलं तर लक्ष्मीच्या अंगभर बारीक केसांसारखे ओरखडे, अन् पट्ट्याची जागा आता मळकट फिकट दिसते, ते पहिल्यापेक्षा वाईट. राख, चिंच, सोडा, नारळाची शेंडी, काही नको. रिठ्याचं पाणी चालते, त्याने तेल-कुंकू-घामाचा चिकटा निघते, घासायचं नाही, बुडवून ठेवायचं, आरओच्या पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं. रंग त्याने जात नाही अन् जायला नकोच. नाणं मऊ प्लास्टिकच्या पुडीत राहून हिरवट चिकट झालं असेल तर ते पीव्हीसीचं, म्हणजे त्या पुडीच्या प्लास्टिकचं आहे, ते राहू दिलं तर खालचं तांबं खात राहते, तेवढं मात्र काढलंच पाहिजे, शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, काचेच्या वाटीत, चुलीपासून दूर अंगणात, कारण ते पेट्रोलसारखं भडकते. लॅबच्या केमिकलच्या दुकानात मिळते. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात रंग-सुगंध-तेल सगळं घातलेलं असते. अन् सोनाराला तेजाबात बुडवून उजळून द्या म्हणाल तर तो देईलही, तांब्याचा थर जाऊन वर निव्वळ सोन्याची कातडी राहते, भडक पिवळी अन् निर्जीव. काकाजींनी स्वतःहून सांगितलं की उजळायचे पैसे मी घेऊ शकतो, पण नका करू.

एक रंग मात्र गंमत नाही, पांढरा. आमच्या पाहुण्यात एकाच्या देवघरात पाऱ्याचं शिवलिंग अन् त्याला लागून सोन्याचं नाणं, नाण्याची एक बाजू चांदीसारखी पांढरी झाली. लाल-काळ्या डागात सोनं शाबूत असते, पण पारा सोन्यातच शिरते. ते घासून जात नाही, घरी गॅसवर तापवायचं तर नावच काढू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. अन् पारा अंगठीलाही लागते, तेव्हा पूजेला बसताना अंगठ्या काढून ठेवा.

आता आमच्याकडे काय केलं, तर गिन्नी अन् कार्ड दोन्ही कडक ॲक्रिलिकच्या गोल डब्यांमध्ये (कार्ड तर आधीच कडक आहे, त्याला नुसता डबा), सोबत सिलिका जेलच्या पुड्या, अन् कपाट सल्फरच्या खोलीतून हलवलं. लक्ष्मीछाप मोडलं, त्यात थोडं घालून भाचीसाठी कानातले केले. मोडताना मशीनवर ९१.५ आलं, काकाजींनी पूर्ण बावीस कॅरेटचा भाव धरला, डागाचा एक रुपया कापला नाही. नव्या कानातल्यांवर घडणावळ लागली, ३ टक्के जीएसटी लागला, ते सगळीकडेच लागते, पण पक्कं बिल मागावं लागलं नाही, आपणहून दिलं, त्यावर वजन, कॅरेट, घडणावळ सगळं वेगवेगळं.

अर्धा मार्क कापला तो दुकानाच्या बाकीच्या गोष्टींसाठी. नमुने कमी, तरुण पोरींना आवडेल असं फारसं नाही, भाचीने दोनदा तोंड वाकडं केलं तेव्हा कुठं एक जोडी पसंत पडली. बसायला एकच बाक. लाइट गेली की मशीन बंद, मग किती वेळ बसावं लागेल ते महावितरणलाच विचारा. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली असते, आत कोणी ओ देत नाही. सकाळी उघडल्याबरोबर गेलात तर काकाजी निवांत असतात अन् भिंगही तुमच्या हातात देतात, पण आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते अन् मशीनवाला मुलगा त्या दिवशी गल्ल्यावर बसलेला असते.